माझी पाठवणी आणि तापलेले ब्रेक

माझं माहेर धारूरच्या पलीकडं, डोंगरावर. सासर खाली, सिरसाळ्याच्या अलीकडच्या एका गावात. मधे घाट. लग्न जमवताना दोन्हीकडच्या मंडळींनी जमिनी पाहिल्या, सोयरे तपासले, पत्रिका जुळवल्या. घाटाचा विचार फक्त माझ्या वडिलांनी केला. त्यांनी त्या घाटात अर्धं आयुष्य काळी-पिवळी जीप चालवली होती. घाटाचं प्रत्येक वळण त्यांना तोंडपाठ होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात बसून ते नवरदेवाकडच्या एका पाहुण्याला विचारत होते, "नवरीची गाडी कोण चालवणार हाय?"

"नवरदेवाचे मामा. स्वतःची गाडी हाय त्यांची, नवी."

"गाडीचं न्हाई इचारलं. घाट उतरायची सवय हाय का त्यांना?"

पाहुणा हसला. त्याला वाटलं, मुलीचा बाप आहे, काळजी करणारच.

मला गाडी वडिलांनीच शिकवली. बारावीनंतर आधी शेतात, मग गावच्या रस्त्यावर आणि शेवटी घाटात. मला भाऊ नाही म्हणून त्यांनी मला शिकवलं, असं लोक परस्पर ठरवून टाकतात. मला दोन भाऊ आहेत, आणि दोघांनाही घाटात उलटी होते. मला होत नव्हती, एवढंच माझं भांडवल. वडील बाजूच्या सीटवर बसून फार बोलत नसत. उतरताना मी उगीच ब्रेक दाबला की ते डाव्या हातानं माझ्या गुडघ्यावर टिचकी मारत. "गियरनं उतर. ब्रेक राखून ठिव." एकदा त्यांनी मला मुद्दाम ब्रेकवर पाय ठेवून अर्धा घाट उतरवला, खाली गाडी थांबवली आणि चाकाजवळ उकिडवं बसवून वास घ्यायला लावला. कोरडा, घशाला लागणारा, जळक्या रबरासारखा, पण रबराहून उग्र. "ह्यो वास आला की समज, ब्रेक तुझ्या हातातून चाललाय," ते म्हणाले. असा वास एकदा घेतला की विसरत नाही.

लग्न फाल्गुनात झालं. ऊसतोडीचा हंगाम सरत आला होता. मुहूर्त दुपारचा, पंगती उठता उठता उन्हं कलली. पाठवणीला मी रडले, आई रडली, आणि ज्यांना उलटी होते ते दोघं भाऊ तर सगळ्यात जास्त रडले. वऱ्हाडाची बस पुढं निघून गेली. माझ्यासोबत पाठराखीण म्हणून आलेली मावशीही त्याच बसमध्ये बसली, कारण आमच्या गाडीत जागा उरली नव्हती. मामा गाडी चालवणार, शेजारी मामी, मधल्या सीटवर नवरा, मी आणि माझी धाकटी नणंद. मागची सीट पाडून तिथं रुखवताची खोकी, भांड्यांची पोती, लाडूंचे डबे आणि आईनं ऐन वेळी कोंबलेलं ज्वारीचं एक पोतं.

मामांबद्दल सांगायला हवं. सासूबाईंचे ते थोरले भाऊ. बागायती जमीन, पंचायत समितीची एक निवडणूक लढवलेली, आवाज असा की फोनवर बोलले तरी पलीकडच्या माणसाला फोनची गरज वाटू नये. आसपासच्या गावांतली भांडणं त्यांच्या अंगणात मिटत. भाच्यावर त्यांचा फार जीव. साखरपुड्यातच त्यांनी जाहीर केलं होतं, "नवरी मी आणणार. माझ्या गाडीत. माझ्या हातानं." त्यासाठी गाडी धुऊन पुसून झेंडूच्या माळांनी अशी मढवली होती की पुढच्या काचेतून रस्ता दिसायला जेमतेम फट राहिली होती.

धारूर मागं पडलं, घाट सुरू झाला, आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली गेला. गाडी मात्र पळायला लागली. माझ्या लगेच लक्षात आलं. मामांनी गाडी न्यूट्रल केली होती.

तेही बहुधा आरशात माझ्याकडं पाहत होते, कारण मोठ्या कौतुकानं म्हणाले, "उतारावर डिझेल कावून जाळायचं? गाडी आपोआप पळती."

आमच्या पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर होता. तो तेलगावच्या बाजूला कारखान्याकडं चालला होता, आपल्या चालीनं, सावकाश. ओव्हरटेक करायला वळणं मोकळी नव्हती. मामा मग ब्रेकवर पाय ठेवून त्याच्या मागं मागं उतरायला लागले. पाय उचलतच नव्हते. भरलेली गाडी, सगळा उतार, आणि तिला धरून ठेवायला फक्त ब्रेक. मी पदराखाली हात घट्ट धरून बसले. आईनं सकाळीच बजावलं होतं, पहिले काही दिवस कमी बोल. मी ठरवलंही होतं तसं.

काही वळणं गेली आणि वास आला.

"वैनी, कायतरी जळायलंय," नणंद म्हणाली.

"ट्रॅक्टरचा धूर हाय त्यो," मामी म्हणाल्या. "काच वर कर."

मी नवऱ्याकडं सरकले आणि हळूच सांगितलं, "ब्रेक तापलेत. मामांना गियर टाकायला सांगा." साखरपुड्यानंतर आम्ही फोनवर बरंच बोललो होतो, आवडीनिवडी, सिनेमे, त्याच्या कृषी सेवा केंद्राची हकिकत. पण नवरा-बायको म्हणून मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. त्यानं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. मग पुढं वाकून म्हणाला, "मामा, ही म्हणती ब्रेक तापलेत. गियर टाका म्हणती."

मामा दिलखुलास हसले. "नवरीला म्हणावं, डोळा लागू दे जरा. आज लई दगदग झाली तिची."

पुढच्याच वळणावर मला त्यांचा खांदा खाली गेलेला दिसला. ब्रेक दाबला की पाय नेहमीच्या जागी थांबतो; तो थांबला नाही, आणखी आत गेला. ब्रेकचं तेल फार तापलं की त्यात वाफ धरते, आणि मग पेडल पोकळ लागतं. मामांनी दोनदा घाईघाईनं पाय मारला. गाडी थोडी रेंगाळली, पण ट्रॉलीतल्या उसाची टोकं काचेच्या जवळ येत होती. मामांचं हसू गेलं. मामींनी डॅशबोर्डवर हात टेकला.

मग मी कमी बोलायचं सोडून दिलं.

"मामा, गियर टाका. तिसरा. आत्ता."

ती विनंती नव्हती. माझा आवाज मलाच वडिलांसारखा वाटला. मामांनी मान न वळवता क्लच दाबला आणि तिसरा टाकला. इंजिन गुरगुरलं, गाडीला झटका बसला आणि ती मागून कुणीतरी धरल्यासारखी मंदावली.

"आता दुसरा. ब्रेक मारत ऱ्हावा, दाबून सोडा, दाबून सोडा."

दुसऱ्या गियरवर इंजिन मोठ्यानं ओरडायला लागलं. नणंदेनं कानांवर हात ठेवले. पण ट्रॉली आणि आमच्यात अंतर पडत गेलं. पुढं डाव्या अंगाला, डोंगराच्या भिंतीला लागून रस्ता जरा रुंद होता. ती जागा मला माहीत होती. वडिलांची जीप तिथं कितीदा थांबलेली. "डोंगराकडं घ्या," मी म्हणाले. मामांनी घेतली. गाडी थांबली. त्यांनी हँडब्रेकवर हात टाकला तसं मी म्हणाले, "त्यो नका ओढू. मागचे ब्रेकबी तापलेत, चिकटतील. गियरमधी राहू द्या." आणि नवऱ्याला, "अहो, दगड लावा चाकांना. पुढून."

तो माझा नवरा, जरीचा फेटा, शेरवानी, गळ्यात हार. उतरला आणि खरंच दगड गोळा करायला लागला. त्यानं कुठलाही प्रश्न विचारला नाही. मला तो तेव्हा पहिल्यांदा मनापासून आवडला.

पुढच्या डाव्या चाकातून धूर निघत होता. उजव्यातूनही, पण कमी. झेंडूच्या माळा त्या धुरात हलत होत्या. मामा उतरून चाकाकडं बघत उभे राहिले. चेहरा उतरलेला, पण तेवढ्यात खालून एक टेम्पो चढत आला आणि थांबला. हंगाम आटोपून गावी परतणारे ऊसतोड मजूर होते. बायका, भांडी, कोंबड्या, खोपटांचे गुंडाळलेले तट्टे, सगळं त्या टेम्पोत. एक माणूस उडी मारून पाण्याचा कॅन घेऊन धावत आला. "पाणी मारा, पाणी. चटकन गार होतंय."

चारचौघं बघत असल्यावर मामांना पुन्हा मामा होणं भाग होतं. त्यांनी कॅन हातात घेतला, झाकण फिरवलं. मी शालू सावरत उतरले आणि चाकाच्या आणि त्यांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"मामा, पाणी मारू नका."

"सरक बाजूला. पेटंल गाडी."

"पेटत न्हाई. धूर कमी व्हायलाय, बघा. आतली डिस्क लाल तव्यावानी तापली आसंल. तिच्यावर गार पाणी पडलं तर एका अंगानं आखडंल, दुसऱ्या अंगानं तशीच ऱ्हाईल. वाकडी व्हईल, न्हाईतर तडकंल. मंग खाली कशानं उतरायचं?"

"आता तू मला शिकवणार व्हय?"

मामांच्या गळ्याची शीर दिसत होती. मी हलले नाही. घाबरले होते का? थोडी. पण त्यांना नाही. त्या कॅनच्या तोंडातून पाणी सांडायला लागलं होतं आणि माझं सगळं लक्ष त्याच्यावर होतं.

तेव्हा मामी गाडीतूनच म्हणाल्या, "अवो, ऐका की तिचं. तिच्या बापानं हितंच जिनगी काढली. तुमी घाटात वर्साला दोनदा येताव."

टेम्पोतली एक बाई मोठ्यानं हसली. "नवरी लई खमकी हाय गं बाई!" मग सगळेच हसले, आणि मामांच्या हातातला कॅन खाली आला. ते पाणी शेवटी आम्ही प्यालो. दुपारच्या पंगतीपासून कुणीच घोटभरही पाणी प्यालेलं नव्हतं. त्या बाईनं वरून दोन उसाच्या कांड्या टाकल्या, "घ्या, चघळा, तवर गार व्हईल," असं म्हणाली आणि टेम्पो चढावर निघून गेला.

मग वाट पाहायची होती. तापलेल्या ब्रेकला दुसरं औषध नाही. वारा लागू द्यायचा आणि हात लावायचा नाही. गाडी सपाटीवर असती तर मी ती सावकाश चालवत ठेवली असती, चाकांना चालता वारा लागतो. पण उतारावर ते शक्य नव्हतं. मामा फोन घेऊन वळणापर्यंत गेले. रेंज नव्हती, तरी कानाला लावून उभे राहिले. मामी आणि नणंद गाडीच्या सावलीत पोत्यावर बसल्या. नवरा आणि मी कठड्यावर, मधे उसाची एक कांडी.

"तुमी गाडी चालवता, हे सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"तुमी इचारलं न्हवतं."

"मग आणखी काय काय येतं?"

"पंक्चर काढता येतं. साडी पटकन नेसता येते. भाकरी जरा जाड होते."

त्यानं गंभीरपणे विचार केल्यासारखं केलं. "आमच्याकडं सगळ्यांच्याच जाड होतात."

आम्ही दोघंही हसलो. खाली तेलगावकडचं सपाट रान पिवळं पडलं होतं. मधे मधे उभ्या उसाचे हिरवे तुकडे. माझं पुढचं आयुष्य त्या सपाटीवर कुठंतरी होतं आणि आता ते मला तितकंसं अनोळखी वाटत नव्हतं. आई-वडिलांना सोडून आल्याचं दुःख होतंच, पण त्याच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं होतं.

मी अधूनमधून उठून चाकाजवळ तळवा धरत होते. स्पर्श करायचा नसतो. जवळ नेला तरी कळतं. आधी हात टिकत नव्हता. मग भट्टीसमोर धरावा तसं लागायला लागलं, मग उन्हासारखं. पेडल दाबून पाहिलं, पाय पुन्हा जागेवर थांबत होता, कडक. "चला," मी म्हणाले.

मामा परत आले होते. किल्ली हातात धरून ते ड्रायव्हरच्या दाराशी उभे राहिले, पण बसले नाहीत. दार उघडून नुसते पेडलाकडं बघत होते. मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं. एवढा मोठा माणूस, पण गाडीत त्याच्या बायकोसह आम्ही सगळे होतो आणि त्याचा पाय पोकळीत गेला होता. ती भीती आता, सगळं निवल्यावर, त्यांच्यापर्यंत पोचत होती.

"तुला येतंय नव्हं?" ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "मग तूच घे."

"अवो, नवरी गाडी चालवती व्हय कुठं?" मामी म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?"

"घाटात कोण हाय बघायला?" नवरा म्हणाला आणि मागचं दार उघडून मामांसाठी जागा केली.

मी मुंडावळ्या सोडून नणंदेच्या हातात दिल्या, शालूच्या निऱ्या खोचल्या, पुढच्या काचेवरच्या माळा बाजूला केल्या आणि बसले. नवरा दगड काढून मागं येऊन बसला. दुसरा गियर, क्लचवरून पाय बाजूला, आणि गाडी आपल्या इंजिनाच्या जोरावर उतरायला लागली. वळणाच्या आधी एकदा ब्रेक, नीट दाबून; वेग उतरला की पूर्ण सोडायचा. नुसता पाय टेकवून ठेवायचा नाही. सोडलेल्या वेळात चाकाला श्वास मिळतो. हातातल्या हिरव्या बांगड्या स्टीअरिंगवर वाजत होत्या. थोड्या वेळानं आरशात पाहिलं तर मामा माझ्या पायांकडं बघत होते. रागानं नाही. लक्ष देऊन.

घाट संपला. सपाटीला लागल्यावर मी लगेच थांबले नाही. ब्रेक न मारता बराच वेळ तशीच चालत राहिले, म्हणजे चाकं आतपर्यंत निवतील. मग सासरच्या गावाच्या अलीकडं, फाट्याजवळ गाडी बाजूला घेतली आणि उतरले.

"कावून थांबली?" मामा म्हणाले.

"गावात तुमीच न्या. नवरी तुमी आणणार म्हणलाव ना."

मी हे काही त्यागबिग म्हणून केलं नाही. मला नवरीसारखं उतरायचं होतं. ओवाळून घ्यायचं होतं, उंबऱ्यावरचं माप ओलांडायचं होतं, नाव घ्यायचं होतं. त्या संध्याकाळसाठी मी कितीतरी दिवस नाव पाठ केलं होतं. स्टीअरिंगवर बसायला पुढं सगळं आयुष्य पडलं होतं. मामांनी किल्ली घेतली. नणंदेनं मुंडावळ्या परत बांधल्या, जरा तिरप्याच.

गुपित राहणार नव्हतंच. मी माप ओलांडेपर्यंत नणंदेनं अंगणातल्या निम्म्या बायकांना सगळं सांगून टाकलं होतं, इंजिन कसं ओरडलं त्याच्या आवाजासकट. मी नाव घेतलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "आता गियरबी घे!" आणि हसण्यात माझ्या उखाण्याचं यमक बुडालं.

दुसऱ्या दिवशी सत्यनारायण होता. मामा आले नाहीत. मामी एकट्याच आल्या. सासूबाईंनी काही विचारलं नाही, पण पूजा आटोपल्यावर मला स्वयंपाकघरात थांबवलं. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. त्या पोळपाट पुसत म्हणाल्या, "माझ्या भावाला आजवर गप बसवणारं कुणी भेटलं न्हवतं. बरं झालं. पोरं सुखरूप आली." मग पोळपाट उभा करून ठेवला. "पण चारचौघांत परत नको. त्यो लई मानी हाय. एकट्यात सांग, ऐकंल."

मला ते पटलं. रस्त्यावर दुसरा मार्ग नव्हता, हेही मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. एवढंच आमचं बोलणं झालं.

आठवडा गेला असेल. सकाळी मामांची गाडी दारात उभी राहिली. माळा काढलेल्या, आवाज नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत. "ब्रेक मारला की स्टीअरिंग थरथरतंय," ते नवऱ्याला म्हणाले, पण सांगत होते मला. "परळीला गॅरेजात न्यायची. येताव का दोघं?"

परळीत, औष्णिक केंद्राच्या रस्त्याला एका ओळखीच्या गॅरेजात चाकं काढली. मी आणि मामा शेजारी शेजारी वाकून बघत होतो. दोन्ही पुढच्या डिस्कवर निळसर डाग पडले होते. लोखंड अति तापलं की तसे पडतात. डिस्कला दोन्हीकडून दाबून धरणाऱ्या पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता, म्हणजे दाबले तरी धरणार नाहीत. डाव्या डिस्कवर केसासारख्या बारीक चिरा होत्या. ब्रेकचं तेल उकळलेल्या चहाच्या रंगाचं. ते किती दिवसांत बदललं नव्हतं कुणास ठाऊक. तेल हवेतलं पाणी धरतं, जुनं झालं की लवकर उकळतं, आणि पेडल पोकळ होतं ते त्यामुळंच. मग मिस्त्रीनं डाव्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, हातात घेतला, हलवून पाहिला. कॅलिपर ज्या पिनांवर मागंपुढं सरकतो त्या गंजून जाम बसल्या होत्या. ब्रेक सोडला तरी त्या बाजूचा पॅड डिस्कला घासतच राहत होता.

मी ती पिन मामांच्या तळहातावर ठेवली. "ही घाटातली न्हाई, मामा. ही आधीपासून जाम व्हती. डावं चाक सपाटीवरबी तापत आसंल. ग्रीस लावलं न्हाई कुणी."

मामांनी पिन उलटसुलट करून पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "म्हंजी माझी चूक न्हवती!"

"निम्मी व्हती," मी म्हणाले. "न्यूट्रलची."

त्यांनी पिन मुठीत धरली. मग असे हसले की शेजारच्या टपरीवरचे लोक वळून बघायला लागले. "निम्मी तर निम्मी!" डिस्क जोडीनं बदलायच्या असतात, एक नवी एक जुनी ठेवली तर गाडी एका अंगाला ओढते, तशा दोन्ही बदलल्या, पॅड बदलले, तेल बदललं, पिना साफ करून ग्रीस भरलं. चहा मामांनी पाजला आणि माझा चहा स्वतः आणून दिला.

त्यानंतर घाटाची गोष्ट मामांच्या तोंडून फिरायला लागली, आणि त्यांच्या गोष्टीत बराच फरक होता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं त्यांनी नवरीची पारख करायला मुद्दाम किल्ली तिच्या हातात दिली. मी कधी दुरुस्त केलं नाही. त्या गोष्टीमुळंच लोक गाड्या घेऊन दारात यायला लागले. "मामांनी पाठवलंय, सूनबाईला जरा बघू द्या." कुणाचं चाक गरम व्हायचं, कुणाचा ब्रेक किंचाळायचा. मी बघायचे, कळलं तर सांगायचे, नाही कळलं तर परळीला पाठवायचे. नाही कळायचं तेच जास्त. शेवटी मीच परळीच्या त्या गॅरेजात जाऊन शिकायला लागले. सासरे म्हणाले, "बी.कॉम. झालेली सून ग्रीसमधी हात घालणार का?" त्यांच्याशी भांडायला मामा आले. मला बोलावंच लागलं नाही. मामांचा आवाज वेशीपर्यंत गेला.

आता सिरसाळ्यात नवऱ्याच्या कृषी सेवा केंद्राला लागून माझं ब्रेकचं दुकान आहे. सोबत एक मिस्त्री आहे, जॅकचं आणि लेथवरचं काम तो बघतो, तपासणी माझी. हंगामात कारखान्यांकडच्या गाड्या येतात, लग्नसराईत नवरदेवाच्या. मी चाक फिरवून ऐकते, तळवा धरून बघते, आणि पिनांना ग्रीस आहे का ते आधी पाहते. लोकांना वाटतं ब्रेक दाबल्यानं झिजतात. त्याहून जास्त ते न सुटल्यानं झिजतात. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता माझी नणंद, लग्न होऊन माजलगावला गेलेली, तिच्या नवऱ्याला फोनवरून माझ्याच शब्दांत सांगते.

या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग शेवटचा. नवे पॅड आणि नवी डिस्क बसवल्यावर त्यांना एकमेकांची ओळख करून द्यावी लागते. गाडी मोकळ्या रस्त्याला न्यायची, वेग घ्यायचा, मग ब्रेक दाबून उतरवायचा, पूर्ण थांबू द्यायची नाही. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. काही फेऱ्यांनंतर नुसती चालवत ठेवायची, निवू द्यायची. त्यानं पॅडचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो आणि मग ब्रेक वर्षानुवर्षं नीट लागतो. मी यासाठी कालव्याच्या कडेचा रस्ता धरते. दुतर्फा ऊस, वाहतूक नाही. परवा अशीच एक गाडी घेऊन गेले होते. वेग, ब्रेक, वेग, ब्रेक. शाळा सुटलेल्या पोरी सायकली हातात धरून कडेला उभ्या राहिल्या आणि माझी चाललेली कसरत बघून खिदळायला लागल्या.

"काकू, शिकायलाव का?" एक ओरडली.

"हो!" मी खिडकीतून ओरडले आणि पुन्हा वेग घेतला.